देवीनं तोंड फिरवलं

ती घटना आठवली की आजही मला आधी संताप येतो, आणि मग तो कुणावर काढायचा हे आठवून गप्प बसावं लागतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, बांधाच्या भांडणात फुटलेली डोकी तर किती पाहिली याची गणती नाही. पण एका चित्रानं मला जेवढं छळलं, तेवढं कुठल्या अट्टल गुन्हेगारानंही छळलं नाही. अट्टल गुन्हेगार निदान खोटं बोलतो, आणि खोटं पकडता येतं. इथं मात्र ज्यांनी बोलायला हवं ते गप्प होते आणि ज्यांना काही माहीत नव्हतं ते सगळे एकदम बोलत होते.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. मी वेल्हे भागात फौजदार होतो. ठाणं म्हणजे कौलारू दोन खोल्या आणि पुढं पडवी. ठाण्याची जीप आठवड्यातले चार दिवस दुरुस्तीसाठी भोरला असायची आणि उरलेले तीन दिवस तिला ढकलायला माणसं लागायची. एके दिवशी सकाळची हजेरी घेऊन मी स्टेशन डायरी चाळत बसलो होतो, तेवढ्यात खोऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावाचे पोलीस पाटील धापा टाकत आले. साठीचा, एरवी शांत माणूस.

"सायेब, घात झाला. देवीनं तोंड फिरवलं."

"कुणी फिरवलं?"

"देवीनं. आन् देवी जाग्यावर न्हाईबी."

"पाटील, एक काय ते सांगा. तोंड फिरवलं की जागेवर नाही?"

"दोनी," पाटील म्हणाले.

ठाणे अंमलदार असलेले माझे हवालदार पेन उघडून बसले होते. त्यांनी पेन पुन्हा मिटलं आणि हळूच विचारलं, "साहेब, हे कुठल्या कलमात बसवायचं?"

पाटलांना पाणी दिलं, चहा दिला, तेव्हा कुठं खबर सरळ झाली. त्यांच्या गावच्या देवळात तांदळ्यामागच्या, म्हणजे शेंदूर फासलेल्या देवीच्या दगडामागच्या, भिंतीवर देवीचं चित्र रंगवलेली एक लाकडी फळी होती. संस्थानच्या काळात भोरच्या राजानं आपल्या चिताऱ्याकडून ती रंगवून गावाला दिलेली. देवीच्या उजव्या हातात विळा, डाव्या काखेत भाताची पेंढी. आपण समोर उभं राहिलं की देवीचं तोंड आपल्या उजवीकडं, म्हणजे भोरच्या दिशेला. ही फळी वर्षभर पडद्याआड असायची. चैत्रातल्या जत्रेला तेवढा पडदा उघडायचा आणि फळी पालखीत घालून शिवारभर फिरवायची. एरवी पडद्याआड हात घालण्याचा मान फक्त गुरवाचा.

आदल्या वर्षीच्या जत्रेला एक चित्रकार आला होता. महिनाभर शाळेत मुक्काम ठोकून त्यानं गावातलं सगळं कागदावर उतरवलं, पडद्याआडची देवीसुद्धा. आता चार दिवसांपूर्वी त्यानं शाळेच्या गुरुजींना टपालानं एक छापील चित्र पाठवलं होतं. गुरुजींनी ते कौतुकानं शाळेत लावलं. बघायला गाव लोटलं आणि हादरलं. देवी तीच, पण अंगभर काळ्या रेघांची, विळा डाव्या हातात, आणि तोंड उलट दिशेला. चार जाणती माणसं देवळात धावली. पडदा ओढला, तर भिंतीवर नुसते दोन खिळे.

जत्रेला आठ दिवस होते. गावाचा निवाडा आधीच झाला होता: गुरवानं फळी चित्रकाराला विकली. जत्रेपर्यंत फळी मिळाली नाही, तर गुरवाकडून देवळाच्या किल्ल्या काढून घ्यायच्या आणि त्याच्या कुटुंबाला देवळाच्या आवारातल्या घरातून बाहेर काढायचं. पिढ्यान्‌पिढ्यांची सेवा आठ दिवसांत संपणार होती.

मी चोरीचा गुन्हा नोंदवला आणि त्याच दिवशी गाव गाठलं. दोन पंच बोलावून पंचनामा केला. दोन खिळे, मधलं अंतर दीड हात, गंज चढलेला, भिंतीवर फळीच्या मापाचा फिकट चौकोन. कडीकोयंडा शाबूत. म्हणजे काम किल्लीवाल्याचंच. गुरवाला समोर बसवलं. पंचावन्नच्या आसपासचा, काटकुळा माणूस. किल्ल्यांचा जुडगा करगोट्याला बांधलेला.

"गुरव, फळी कुठं आहे?"

"द्येवीची इच्छा, सायेब."

"तुम्ही ती शेवटची कधी पाहिली?"

"द्येवी कुनाला कवा दिसंल, आमी कोन सांगनार?"

"या चित्रकाराची आणि तुमची जत्रेनंतर गाठ पडली होती का?"

"न्हाई."

तीन उत्तरं झाली आणि मी अहोजाहो सोडलं. चांगला आवाज चढवला. गुरव जमिनीकडं बघत बसला. माझा अनुभव असा, की चोर माणूस साहेबाच्या तोंडाकडं बघतो, कारण साहेबाला किती कळलंय याचा त्याला अंदाज घ्यायचा असतो. हा बघतच नव्हता. ही गोष्ट मला खटकायला हवी होती. पण भूक लागली होती, जीप वाटेत दोनदा बंद पडली होती आणि पाटलांच्या मागं उभं राहून अर्धं गाव मला तपास शिकवत होतं.

गुरवाची बायको दारात सूप घेऊन उभी होती. ठसठशीत कुंकू लावलेली, उंच, वयस्क बाई. ती पुढं होऊन म्हणाली, "सायेब, म्या सांगू का?"

"बाई, तुम्ही आत व्हा. इथं जबाब चाललेत," मी म्हणालो. ती आत गेली.

पुढचे चार दिवस गावातल्यांचे जबाब घेण्यात गेले. पाचव्या दिवशी आम्ही चित्रकाराकडं गेलो. नसरापूरजवळ कामथडीला, हमरस्त्याकाठी एका बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या खोलीत त्यानं बिऱ्हाड थाटलं होतं. तिशीतला, दाढीवाला, मुंबईला चित्रकला शिकून आलेला. हात कोपरापर्यंत काळ्या शाईनं माखलेले. खोलीच्या मधोमध मोठ्या चाकाचं लोखंडी यंत्र, बाजूला तांब्याचे पत्रे, कोपऱ्यात बाटल्या. हवालदार माझ्या कानाशी लागले. "साहेब, नोटांचा कारखाना." मग पुरावा म्हणून त्यांनी एका बाटलीचं बूच काढून वास घेतला आणि पुढची पाच मिनिटं ते रस्त्यावर जाऊन खोकत होते. बाटलीत तेजाब होतं.

चित्रकाराला घाम फुटावा अशी माझी अपेक्षा होती. उलट आपलं काम बघायला कुणी आलं याचाच त्याला आनंद झाला. या प्रकाराला एचिंग म्हणतात, त्यानं सांगायला सुरुवात केली. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईनं मेणावर चित्र कोरायचं, पत्रा तेजाबात ठेवायचा. मेण निघालं तिथं तेजाब तांबं खातं. मग त्या रेघांत शाई भरायची, वर ओला कागद ठेवायचा आणि यंत्रातून दाबून काढायचा.

"फळी कुठं आहे?" मी विचारलं.

"फळी? ती देवळातच आहे ना!"

त्याचा चेहरा खरंच पडला होता. मी पत्रा मागितला. पत्र्यावरची देवी बरोबर उजवीकडं बघत होती, विळाही उजव्या हातात. कागदावरची मात्र डावीकडं. मी दोन्ही शेजारी धरले आणि मला एकदम उमगलं. पंचनाम्याच्या थैलीत ठाण्याचा रबरी शिक्का असायचाच. तो काढून पाहिला. शिक्क्यावरची अक्षरं उलटी कोरलेली असतात, तेव्हा कागदावर सुलटी उमटतात.

"म्हणजे तुमची चूक झाली," मी म्हणालो. "पत्र्यावर सुलटं कोरलंत, म्हणून कागदावर उलटं आलं."

तो हसला. "चूक नाही, साहेब. त्याचं असं आहे, हे चित्र नुसतं त्या फळीवरून केलेलं नाही. तिथल्या बायकांच्या ओव्या..." असं म्हणत त्यानं एक वही माझ्यापुढं धरली. मी दोन पानं उलटली. दळणकांडणाची गाणी. वही परत त्याच्या हातात कोंबली. "चित्रकलेचा तास नको. विचारलं तेवढंच सांगा. या चित्राच्या प्रती किती काढल्या?"

"तीन."

"कुणाकुणाला दिल्या?"

"एक माझ्याकडं, एक गुरुजींना, आणि एक गुरवांना पाठवली."

"गुरवाला? कशाला?"

"त्यांनीच मागितली होती. गेल्या पावसाळ्यात एस्टीनं इथं आले होते. म्हणाले, देवीची अगदी तशीच तसबीर करून द्या. मी म्हटलं, माझ्या पद्धतीनं करीन. ते हो म्हणाले."

गाठ पडली नाही म्हणणारा माणूस एस्टीचं तिकीट काढून इथं आला होता. खोटं सापडलं. मला इतकं बरं वाटलं, की जीप ढकलताना मीसुद्धा हात लावला. पत्रा आणि चित्रकाराची प्रत मुद्देमाल म्हणून जप्त करून आम्ही तडक गाव गाठलं.

गुरवाच्या घराची झडती घेतली. भाताच्या कणगीमागं, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली ती तिसरी प्रत निघाली. चित्रातल्या देवीच्या कपाळावर हळदकुंकू लावलेलं होतं. ताज्या कुंकवाचे कण खाली सांडत होते.

"सायेब, आता तरी माजं..." गुरवाची बायको म्हणाली.

"बाई!" मी असा ओरडलो, की हवालदारही दचकले. ती मागं सरली.

मी चित्र गुरवाच्या पुढ्यात ठेवलं. "फळी दिलीस आणि बदल्यात हे घेतलंस. बोल."

गुरव रडायला लागला. वयानं माझ्या वडिलांच्या बरोबरीचा माणूस पोरासारखा रडतो, तेव्हा अंगावरची वर्दी टोचायला लागते. मी हवालदारांना पाणी आणायला सांगितलं.

"इकली न्हाई, सायेब," तो म्हणाला. "वाळवीनं खाल्ली. सरावनात पडदा बाजूला केला, तर आईचं पाय गुडग्यापतुर गेलं हुतं. भंगलेली द्येवी पूजेत ठिवायची न्हाई, तिला पान्यात सोडायची. म्या आन् हिनं मिळून नदीच्या डोहात सोडली. दोन दिस आमी दोगंबी जेवलो न्हाई."

"मग गावाला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? गाव म्हननार, गुरवानं शेवा चुकवली, द्येवीला वाळवी लागू दिली. माजा बा ह्या किल्ल्या कंबरंला आसतानाच मेला, माजा आजाबी. म्हनलं, चित्रकाराकडनं तशीच नवी करून आनू आन् जत्रंच्या आधी खिळ्याला लावू. कुनाला कळायचं न्हाई. तर ही आली अशी. काळी. आन् तोंड तिकडं."

म्हणजे चोरी झालीच नव्हती. पाच दिवसांत दोनशे रुपयांचं पेट्रोल जाळून मी एका वाळवीचा तपास केला होता. शिवाय हे सगळं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर मी जेवायच्या वेळेला ठाण्यात असतो. पण कायद्याचं काम संपलं तरी गावाचं संपलं नव्हतं. जत्रा तीन दिवसांवर आली होती.

मी पाटलांना सांगून देवळाच्या मंडपात गाव गोळा केलं. गुरवानं सगळ्यांपुढं वाळवीचं आणि डोहाचं खरं ते सांगितलं. मग मी उभा राहिलो. पत्रा दाखवला, चित्र दाखवलं, शिक्का काढून कोऱ्या कागदावर जोरात मारला आणि समजावून सांगितलं, की यात जादूटोणा काही नाही. चित्रकारानं सुलटं कोरलं, म्हणून उलटं छापलं गेलं. साधी चूक आहे. लोकांनी शिक्का हातोहात फिरवून पाहिला, माना डोलावल्या. मला वाटलं, मिटलं.

पाटील उठले. "पटलं, सायेब. म्हंजी ही चुकलेली द्येवी. चुकलेली द्येवी पालखीत कशी घालायची? जुनी गुरवानं घालवली, नवी चुकलेली आनली. आता तुमीच सांगा, किल्ल्या त्येच्याकडं कशा ठिवायच्या?"

 गुरवाला सोडवायला मी जो पुरावा आणला होता, त्याच पुराव्यानं मी त्याला पुरता बुडवला होता. गुरवानं काही वाद घातला नाही. करगोट्याची गाठ सोडली, किल्ल्यांचा जुडगा काढला आणि देवीपुढच्या दगडावर ठेवला. त्या क्षणी मला मोकळीक असती, तर चित्रकार, गुरव, पाटील आणि ती वाळवी, चौघांना मी एकाच बेडीत अडकवलं असतं. मी टोपी उचलली आणि निघालो.

मंडपाच्या कडेला बायका बसल्या होत्या. त्यांच्यातून गुरवाची बायको उठली. थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सायेब, आता बोलू का? का अजून आत जाऊ?"

मी टोपी पुन्हा खाली ठेवली. ती गावाकडं वळली.

"चूक न्हाई ती. चित्रकार महिनाभर हितं हुता. म्या दळाय बसले, की वही घेऊन उंबऱ्यात बसायचा. त्येनं इचारलं, बाई, ह्या ओवीत देवीला काय मागताय? म्या सांगितलं." आणि तिथंच, सगळ्या पुरुषांसमोर, तिनं ओवी म्हटली:

तोंड फिरव गं आई, बघ आमुच्या शेताकडं
किती दिस बघशील, राजाच्या गं वाड्याकडं

पहिली ओळ तिनं एकटीनं म्हटली. दुसऱ्या ओळीला कडेच्या सगळ्या बायकांचा आवाज मिसळला. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं. पाटलांची ऐंशीच्या घरातली आई खांबाला टेकून बसली होती. तिचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते.

"राजानं फळी दिली, तर त्याच्या चिताऱ्यानं आईचं तोंड राजाच्या अंगाला ठिवलं," गुरवाची बायको म्हणाली. "भात आमी लावायचं, चिखल आमी तुडवायचा, आन् आई बघनार भोरला. माजी सासू ही ओवी म्हनत मेली, तिची सासूबी. आता राजं गेलं, संस्थान गेलं. आईनं तोंड फिरवलं, तर तुमी तिला चुकलेली म्हंता?"

 मी वळून तांदळ्यामागच्या भिंतीकडं पाहिलं. त्या दोन खिळ्यांवर हे चित्र लावलं, तर देवीची नजर डावीकडं, देवळाच्या कठड्यापलीकडं, थेट गावाच्या भातखाचरांवर पडणार होती. खिळ्यांमधलं अंतर मी हातानं मोजलं होतं. पण देवी कशाकडं बघते, हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

पाटील पुढं काही बोलणार होते. तेवढ्यात त्यांची आई काठी टेकत उठली, दगडावरचा किल्ल्यांचा जुडगा तिनं उचलला आणि गुरवाच्या हातात न देता त्याच्या बायकोच्या हातात दिला. "पडदा उघडा ठिव आता," ती एवढंच म्हणाली. पाटील खाली बसले. जत्रेला चित्र काचेत मढवून पालखीत बसलं, आणि बायकांनी काचेवर इतकं कुंकू लावलं, की पालखी निघेपर्यंत देवी दिसेनाशी झाली.

जप्त केलेला पत्रा परत द्यायला मी कामथडीला गेलो, तेव्हा चित्रकाराला विचारलं, "मुद्दाम केलंत तर त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगत होतो, साहेब. शिकाऊ मुलगासुद्धा पत्र्यावर उलटं कोरायला पहिल्या महिन्यात शिकतो. तुम्ही म्हणालात, तास नको."

मी त्याच्याकडून ती वही मागून घेतली आणि तिथंच बाजेवर बसून वाचली. ती ओवी दुसऱ्याच पानावर होती. मी चाळलेल्या दोन पानांपैकी एकावर.

परतताना गावातही गेलो. गुरवाच्या बायकोला मी आता अहोजाहो करत विचारलं, की मावशी, तुम्ही आधीच का नाही बोललात. तिनं सूप पाखडायचं थांबवलं नाही. "दोनदा म्हनले, सायेब. दोनदा आत घातलंत."

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. सगळ्यांशी गोड बोलावं, असं काही मी शिकलो नाही. पुढंही मी बराच ओरडलो. पण एक सवय मात्र लागली. जबाब संपले, की कागद मिटण्याआधी मी घरातल्या बायकांना विचारायचो, तुमचं काही राहिलंय का. आणि दर तीन प्रकरणांतल्या एकात काहीतरी राहिलेलं असायचंच. तपासात आपण ज्याला गोंगाट समजून बाजूला सारतो, त्यातच बऱ्याचदा आपल्याला हवं असलेलं उत्तर असतं. हे मला आधी कळलं असतं, तर माझी निम्मी नोकरी सोपी गेली असती, या विचारानं आजही चिडचिड होते.

प्रकरण "क" समरीत काढलं, म्हणजे गैरसमजातून नोंदवलेला गुन्हा. कागद भोरला वरिष्ठांकडं पाठवण्याआधी मी ते मोजले. एकूण चौदा जबाब होते, चौदाही पुरुषांचे. मी पुन्हा गावात जाऊन पंधरावा जबाब लिहून घेतला, ओवीसकट, आणि खाली मावशींचा अंगठा घेतला. चार दिवसांनी फाइल परत आली. वरिष्ठांनी त्या पानावर लाल शाईनं शेरा मारला होता: "गाण्याचा तपासाशी संबंध काय? पान काढून टाकावे." नोकरीत वरिष्ठांचा हुकूम मी तेवढा एकदाच मोडला. पान तसंच ठेवलं आणि शेऱ्याखाली लिहिलं: "प्रकरणाचा उलगडा करणारा हा एकच जबाब आहे. घेण्यास उशीर माझ्याकडून झाला."